मेंढरांमागचा ताप

पस्तीस वर्षं मी तोंडाने डास ओढले आणि त्याबद्दल मला पगार मिळाला. निरोपसमारंभात हे वाक्य बोलले तेव्हा पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी बिस्कीट खाली ठेवलं. पण ते खरं आहे. आमच्या धंद्यातलं मुख्य हत्यार म्हणजे वीतभर काचेची नळी, तिला जोडलेली हातभर रबरी नळी आणि दोघींच्या मध्ये बारीक जाळीचा तुकडा. रबरी टोक तोंडात धरायचं, काचेचं तोंड भिंतीवर बसलेल्या डासावर टेकवायचं आणि दम आत ओढायचा. डास नळीत येतो. जाळी आहे म्हणून पोटात जात नाही. जाळी फाटली की जातो. माझ्या पोटात आजवर तिघे गेले असावेत. चव सांगण्यासारखी नाही.

हे काम सकाळी सहा ते आठ या वेळेत, शक्यतो गोठ्यात करायचं. डासाची मादी रक्त पिऊन सकाळी भिंतीवर पचवत बसलेली असते, लग्नाच्या पंगतीतून उठून लोडाला टेकलेल्या व्याह्यासारखी. तेव्हा तिला हलायचा कंटाळा असतो. मग लोकांच्या गोठ्यात एक साडी नेसलेली बाई तोंडात नळी धरून भिंतीचे मुके घेत फिरते, हे दृश्य सातारा जिल्ह्यातल्या निदान दोन पिढ्यांनी पाहिलेलं आहे.

माझा विषय परोपजीवीशास्त्र. म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर फुकट जगणाऱ्यांचा अभ्यास. विद्यापीठात हा विषय शिकवताना उदाहरणांसाठी लांब जावं लागत नाही, असं मी पहिल्याच तासाला सांगायचे. एकदा विभागप्रमुख दाराबाहेर उभे होते. माझी बढती दोन वर्षं लांबली.

हिवतापाचा जंतू हा माझा खास मित्र. तो माणसाच्या रक्तात राहतो, डासाच्या पोटात लग्न करतो आणि डासाच्या थुंकीतून पुन्हा माणसात येतो. डासाच्या आत त्याला तयार व्हायला पंधरवडाभर लागतो आणि पुढे चावलेल्या माणसाला ताप यायला आणखी दहा-बारा दिवस. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल. डेंग्यूचा डास वेगळा. तो घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि अंगावर पांढरे पट्टे मिरवतो. हिवतापाचा डास कालव्याच्या, पाटाच्या कडेला वाढतो, संध्याकाळनंतर चावतो आणि भिंतीवर बसताना बूड वर करून बसतो. शाळेत शिकवत असते तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

डेंग्यूच्याच निमित्ताने मला मिरजेचे बशीरचाचा भेटले. तंबोरे करणारे. त्यांच्या गल्लीत घराआड ताप होता आणि पाणी भरून ठेवलेलं भांडं काही सापडत नव्हतं. मी आणि आमच्या प्रयोगशाळेचे परिचर दस्तगीरभाई, आम्ही फ्रिजमागचे ट्रे काढले, कुंड्या उपड्या केल्या, एका म्हातारीच्या दातांची वाटीसुद्धा तपासली. शेवटी चाचांच्या अंगणात सिमेंटचा हौद दिसला. त्यात तंबोऱ्याचे भोपळे भिजत घातले होते. भोपळा कापायच्या आधी भिजवून नरम करावा लागतो. भोपळ्यांच्या मधल्या पाण्यात अळ्या अशा वळवळत होत्या की पाणी उकळतंय असं वाटावं.

"चाचा, हे पाणी ओतून टाका."

"ओतू? ह्ये पानी मुरलेलं हाय. नव्या पान्यात भोपळा तडकतो."

"गल्लीत आठ जणांना ताप आहे."

"मग त्यांना औषद द्या. माझ्या भोपळ्याला कुठं ताप हाय?"

शेवटी आम्ही हौदात गप्पी मासे सोडले. महिन्याभराने गेले तेव्हा अळी नावाला उरली नव्हती आणि मासे बोटाएवढे झाले होते. चाचा मात्र खूश नव्हते. "भोपळा कुरतडत्यात हे. उद्या कुठल्या बुवाचा सूर हलला तर मी तुमचं नाव सांगनार." अजून कुठल्या बुवांचा फोन आलेला नाही.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि ते सांगून मी समारंभांतून टाळ्याही घेतल्या आहेत. पण एक गोष्ट मी समारंभात सांगत नाही. ती इथे सांगते.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रहिमतपूरच्या अलीकडच्या एका गावात डेंग्यूच्या अळ्या मोजत होतो. घराघरात जाऊन पाण्याच्या टाक्यांमध्ये बॅटरी मारायची, एवढंच काम. एका घरी टाकीचं झाकण काढलं, तर मागून आवाज आला, "आवं डाक्टरीणबाई, टाकीत काय बघताय, माझ्या पोराला बघा."

त्या पारूबाई. त्यांचा मुलगा विलास फौजेत हवालदार. या भागात दर दोन घरांमागे एक जण फौजेत असतो. विलास ईशान्येकडच्या जंगलात होता आणि दहा दिवसांपूर्वी सुट्टीवर आला होता. गाडीतच अंग मोडलं होतं. तेव्हापासून ताप येत होता, जात होता. घरात गुदमरतं म्हणून तो गोठ्याशेजारच्या ओसरीवर निजत होता. रहिमतपूरच्या डॉक्टरांनी डेंग्यू म्हणून सलाइन लावलं होतं, कारण त्या महिन्यात ज्याला ताप त्याला डेंग्यू, असंच चाललं होतं. घरच्यांनी पपईच्या पानांचा रस पाजून पाजून परसातलं झाड बोडकं केलं होतं.

"मावशी, मी माणसांची डॉक्टर नाही. मी डासांची आहे."

"मग त्येला डासच चावलाय न्हवं? बघा की!"

मी टाकीचं झाकण लावलं आणि ओसरीकडे वळले.

विलास भिंतीला टेकून बसला होता. डोळे पिवळे. मी विचारलं, "तिकडे मच्छरदाणी लावत होता का?"

"लावतो मॅडम," तो म्हणाला. "पण पहाऱ्यावर मच्छरदानी घिऊन कोन जातंय?"

मी बोट टोचलं, रक्ताचा थेंब काचेवर पसरला, रंग चढवला आणि अंगणात सूक्ष्मदर्शक मांडला. आमचा जुना सूक्ष्मदर्शक आरशाचा आहे. ऊन असलं की वीज लागत नाही. डोळा लावला. लाल पेशींमध्ये अंगठीसारखे जंतू आणि अधूनमधून छोट्या केळ्याच्या आकाराचे. अंगठ्या म्हणजे हिवताप, तोही सगळ्यात वाईट जातीचा. केळी म्हणजे आणखी एक बातमी. जंतूच्या त्या रूपाला माणसाशी काही देणंघेणं नसतं. ते डासाची वाट बघत असतं. म्हणजे हा पोरगा दहा दिवस गोठ्याशेजारी निजून गावातल्या डासांना हिवताप वाटत होता.

मी रहिमतपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. खरा डॉक्टर आणि पीएचडीवाला डॉक्टर यांच्यात कोण मोठं, हे आपल्या समाजाने कधीच ठरवून टाकलंय. पण डॉक्टर भले निघाले. पाच मिनिटांत स्कूटरवर आले, सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि म्हणाले, "कॉलेजनंतर हे केळं आज बघतोय, मॅडम." मग वेळ न घालवता त्यांनी विलासला साताऱ्याला हलवलं. दोन दिवस तो शुद्धीत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याने चहा मागितला. पारूबाईंनी फोनवर मला एवढंच सांगितलं, "च्या मागितला." आणि रडायला लागल्या.

आता गाव. प्राथमिक केंद्राचे लोक फवारणीला आले. मी आणि दस्तगीरभाई दारोदार रक्त तपासत हिंडलो. त्यासाठी मी एक तक्ता केला होता, स्वतःच्या हाताने. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, माणसं किती, नमुना घेतला की नाही, दुसरी तपासणी कधी. तक्ता इतका सुबक होता की आरोग्य केंद्राच्या साहेबांनी त्याची प्रत मागून घेतली. मी हुरळले.

विलासच्या घरामागच्या शेतात त्याच दिवसांत मेंढरं बसली होती. पावसाळा सरला की माणदेशातले धनगर मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखात उतरतात. शेतकरी त्यांना रानात बसवून घेतात, कारण लेंड्यांसारखं खत नाही. शे-दोनशे मेंढरं, दोन घोडी, एक कुत्रं, मुक्कामाला एक कापडी पाल. म्हातारा मायाप्पा, त्याचा मुलगा आणि सून लक्ष्मी. घोडीच्या पाठीवर सोलरची पाटी बांधलेली, मोबाईल चार्ज करायला. रोज सकाळी गोठ्यात जाताना मी त्यांच्या पालावरून जायचे. कुत्रं रोज नव्याने माझ्यावर भुंकायचं.

लक्ष्मीला हसायला कारण लागत नसे. तोंडात नळी धरलेली मी तिला दिसले की ती पदर तोंडात कोंबायची. पाचवा महिना होता तिला. एका सकाळी कोकरू काखेत घेऊन ती बांधावर उभी होती.

"बाई, सगळ्या गावाची बोटं टोचताय. आमची बी टोचतासा का?"

"तुमचं घर कुठलं?"

"घर? माणात हाय की. दसऱ्यापस्नं बघितलं न्हाई."

"मग तिकडचे लोक टोचतील," मी म्हणाले. तीही हसली, मीही हसले. माझ्या तक्त्यात पहिलाच रकाना घर क्रमांकाचा होता.

तेव्हा बोट टोचलं असतं तरी काही सापडलं नसतं, हे मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं. मेंढरं येऊन चारच दिवस झाले होते. डासांमधला जंतू अजून कच्चा होता. हे सगळं शास्त्राला धरून आहे. पण तिचं नाव तक्त्यात आलं असतं, तर दुसऱ्या तपासणीत तिला शोधावं लागलं असतं. ज्याचं नावच नाही त्याला कोण शोधतो?

दुसरी तपासणी पंधरा दिवसांनी झाली. गावात एकही नमुना दूषित निघाला नाही. ग्रामपंचायतीने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि सरपंचांचं भाषण, ज्यात मी डासांचा नायनाट करणारी रणरागिणी होते. विलास गणवेशात येऊन कडक सलाम ठोकून गेला. आपण फार मोठं काम केलं असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, फार म्हणजे फारच मोठं वाटलं.

चहाच्या वेळी पारूबाई शेजारी येऊन बसल्या. "औंदा लय गोडीनं ऱ्हायली मेंढरं. आमच्या रानात, मग शेजारच्या रानात, बारा-पंधरा दिस. ती लक्ष्मी रोज गोठ्यात पानी न्यायला याची, दिवस मावळला की तिथंच पाय पसरून गप्पा मारत बसायची. पाय दुखत्यात म्हनायची. गेली आता."

"कधी गेली?"

"झालं की आठ दिस."

मी बोटांवर हिशेब घातला. विलासला चावलेला डास, पंधरवडा, मग संध्याकाळी गोठ्यात पाय पसरून बसलेली पाच महिन्यांची गरोदर बाई. गरोदर बाईच्या गर्भाशयातल्या वारेत हा जंतू दबा धरून बसतो. नारळ मांडीवर होता, तो खाली गडगडला.

"दस्तगीरभाई," मी म्हणाले, "गाडीत पेट्रोल आहे का?"

दस्तगीरभाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातला पेढा तसाच खिशात टाकला.

मायाप्पाच्या मुलाचा नंबर पारूबाईंकडे होता. फोन बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोटारसायकलवर निघालो. पुढे दस्तगीरभाई, मागे अठ्ठावन्न वर्षांची मी, मांडीवर सूक्ष्मदर्शकाची पेटी. मेंढरं दक्षिणेकडे गेली, एवढंच माहीत होतं. मेंढरं चालतात दिवसाला दोन-तीन कोस, पण कुठल्या फाट्यावर वळतील ते त्यांच्या घोडीलाच ठाऊक.

"आवं दादा, मेंढरं गेली का इकडनं?" हा प्रश्न त्या दिवशी आम्ही किती लोकांना विचारला, त्याची गणती नाही. कुणाला वाटलं आम्हाला रानात मेंढरं बसवायचीत. कुणाला वाटलं बोकड घ्यायचाय. मसूरच्या पुढे एका चहावाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "काय चोरीला गेलंय का, बाई?"

"नाही हो. एका बाईचं रक्त तपासायचंय."

तो दोन पावलं मागे सरला. मग दस्तगीरभाईंना म्हणाला, "ह्या बाई तुमच्या कोन?"

"साहेब हायेत माझ्या," दस्तगीरभाई म्हणाले. "जरा तऱ्हेवाईक हायेत, पर मनानं चांगल्या."

कराड ओलांडलं तोवर दुपार झाली. तीन कळप सापडले होते, तिन्ही दुसऱ्याचे. तिथे रसवंतीवर बसल्या बसल्या दस्तगीरभाईंनी डोकं चालवलं. "मॅडम, आपण माणसं शोधतोय म्हणून सापडंनात. मेंढरं शोधू. मेंढरांना औषध लागतं. माणसांचं औषध कुणी घेतं, कुणी न्हाई. मेंढराचं चुकत न्हाई."

मी परोपजीवीशास्त्राची प्राध्यापक, आणि हे मला सुचलं नाही. इस्लामपूरच्या बाजारात जनावरांच्या औषधांचं दुकान होतं. दुकानदाराने वही काढली. "काल माणदेशी म्हातारा आलता. दोनशे मेंढरांना जंताचं औषध नेलं. आष्ट्याच्या रस्त्याला ऊस तुटलेल्या रानात हाय म्हणाला." मग सहज म्हणाला, "सून आजारी हाय म्हणत हुता. तिच्यासाटी पन कायतरी द्या म्हनला. मी न्हाई दिलं. जनावराचं दुकान हाय म्हनलं."

आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पाल ओळखीचं होतं. कुत्र्याने मला ओळखलं नाही. ते नव्याने भुंकलं. लक्ष्मी वाकळा पांघरून पडली होती आणि वाकळांसकट हलत होती. मुलगा पुढचं रान ठरवायला गेला होता. म्हातारा मायाप्पा एकटाच होता.

"बाई? तुमी हितं?"

"किती दिवस झाले तापाला?"

"तीन दिस. गावातल्या डाक्टरनं सुई दिली. दिवसाआड थंडी वाजती, मग घाम येतो, मग जरा बरं वाटतं."

मी पेटी उघडली. लक्ष्मीचं बोट हातात घेतलं तर ते निखाऱ्यासारखं होतं. या वेळी ती हसली नाही. उरल्यासुरल्या उन्हाकडे आरसा वळवून मी डोळा लावला. अंगठ्या. मोजायची गरजच नव्हती.

"हिला मिरजेला न्यायचं. आत्ता."

मायाप्पा उकिडवा बसला. "बाई, पोरगा न्हाई. कोकरं बारकी हायती. मी गेलो तर मेंढरांकडं कोन बघनार? उद्या सकाळी तो आला की नेतो."

"उद्या सकाळपर्यंत ही राहणार नाही," मी म्हणाले. असं बोलायची मला सवय नव्हती. माझे रुग्ण काचेवर असतात, त्यांना सासरे नसतात.

तो मेंढरांकडे बघत राहिला. त्याचं सगळं आयुष्य त्या रानात चरत होतं, हे मला कळत होतं. वाकळांतून लक्ष्मीचा आवाज आला, "मामा, मी जाते. मला लय भ्या वाटतंय."

तेव्हा दस्तगीरभाई डोक्याला रुमाल बांधत म्हणाले, "आजा, तुमी जा सुनंसंगं. मी बसतो मेंढरांपाशी."

"तुमाला येतंय?"

"माझा आजा खाटीक हुता," दस्तगीरभाई म्हणाले. मायाप्पाचा चेहरा पाहून त्यांनी लगेच जोडलं, "म्हंजे मेंढरू वळखतो मी."

म्हाताऱ्याने त्यांना वर-खाली न्याहाळलं आणि त्या परिस्थितीतही म्हणाला, "मोजून ठेवलीत हां मी."

रुग्णवाहिका आली. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. डॉक्टर मुलगी तरुण होती. मी काच पुढे केली, तिने माझ्याशी वाद घातला नाही. लगेच औषध सुरू झालं. लक्ष्मी वाचली. पोटातलं बाळ मात्र चौथ्या दिवशी गेलं.

मायाप्पाचंही रक्त तपासलं. त्यालाही जंतू होता, ताप मात्र नव्हता. "मला काय धाड भरलीया," तो म्हणत राहिला. मी त्याला गोळ्या समोर बसून गिळायला लावल्या. मुलाच्या रक्तात काही निघालं नाही. दस्तगीरभाई दोन दिवसांनी परतले. अंगाला मेंढरांचा वास येत होता, पण एकही मेंढरू कमी नव्हतं. म्हाताऱ्याने खरंच मोजली होती.

लक्ष्मीला घरी, म्हणजे पालावर, सोडायच्या आदल्या दिवशी मी तिला भेटायला गेले. केळी घेऊन गेले. वाटेत लक्षात आलं की ही नको होती, पण तोवर घेतली होती. ती खाटेवर बसून खिडकीबाहेर बघत होती. इकडचं-तिकडचं बोलून झालं. मग तिने विचारलं,

"बाई, तवा आमची बोटं टोचली असती, तर कळलं असतं?"

मला ते सगळं शास्त्र सांगता आलं असतं. मेंढरं येऊन चार दिवस, जंतू कच्चा, वगैरे. सांगायला तोंडही उघडलं.

"तेव्हा लगेच नसतं कळलं," मी म्हणाले. "पण तुझं नाव लिहून घेतलं असतं, तर दोन-चार दिवस आधी तुझ्यापर्यंत पोचले असते."

राग नव्हता तिच्या डोळ्यांत. राग असता तर बरं झालं असतं.

"मग लिवायचं हुतं की, बाई," ती म्हणाली.

माझ्या नोकरीत माझ्यावर खूप टीका झाली. शोधनिबंधांचे परीक्षक, विभागप्रमुख, एकदा तर एका आमदारांनी भर सभेत माझ्या डासांची टिंगल केली होती. सगळ्यांना मी उत्तर दिलं. लक्ष्मीच्या हातात मी एक केळं सोलून दिलं.

पुढे मी ती शाल कपाटात खाली दडपून ठेवली आणि आमच्या तक्त्याचा पहिला रकाना बदलला. 'घर क्रमांक' काढून 'काल रात्री कुठे झोपलात' असं लिहिलं. आरोग्य केंद्राच्या साहेबांना ते असभ्य वाटलं. पण त्या प्रश्नाने मेंढके सापडले, ऊसतोडीच्या टोळ्या सापडल्या, वीटभट्टीवरची माणसं सापडली आणि एक तलाठीही सापडले, ज्यांनी हा प्रश्न पुन्हा विचारू नका म्हणून हात जोडले. या कामावर मी 'फिरस्त्या लोकांमधला हिवताप' असा निबंध लिहिला. परिसंवादात एका सहकाऱ्याने उभं राहून विचारलं, "मेंढ्यांनाही मलेरिया होतो का?" मी त्यांना म्हणाले, "नाही, मेंढ्या आपल्यापेक्षा नशीबवान. त्यांची नोंद असते."

लक्ष्मीला मी माझा नंबर दिला होता. कुणाला ताप आला तर कळव, असं सांगितलं होतं. ती कळवू लागली, ताप असो वा नसो. दसऱ्यानंतर दर चार-आठ दिवसांनी फोन यायचा. "बाई, आमी फलटणच्या अलीकडं हाय. ताप न्हाई कुनाला." फोन कट. "बाई, आमी वाळव्यात हाय. कुत्र्याला खरूज झालीया, त्ये चालतंय का तुमाला?" कुत्रं चालत नाही म्हणाले तर तिला वाईट वाटलं, मग खरजेचं औषधही सांगितलं. परोपजीवीच तो, विषय माझाच. त्या फोनांच्या आधारावर मी भिंतीवरच्या नकाशात टाचण्या लावायचे. बाकीच्यांना वाटायचं प्रकल्प चालू आहे. प्रकल्प कधीच संपला होता.

मग दोन वर्षं तिचा फोन आला नाही. नंबर लावला तर बंद. मी निवृत्त झाले. टाचण्या काढून डबीत ठेवल्या. मला तिची आठवण यायची तेव्हा आधी बाळाची यायची. ती माझी शिक्षा म्हणा.

गेल्या महिन्यात दुपारी भाजी निवडत होते. अनोळखी नंबर. बँकवाला असेल म्हणून उचललाच नाही, पण पुन्हा वाजला.

"बाई, वळखलं का?"

मागे मेंढरं ओरडत होती. ओळखायचा प्रश्नच नव्हता.

"लक्ष्मी! कुठे आहेस?"

"पुसेसावळीच्या रानात. आवं, मोबाईल हिरीत पडला हुता, नंबर गेला समदा. आज पारूआत्याच्या घरनं घेतला. बाई, पोरगी झालीया. तीन म्हयन्याची हाय. समद्या तपासन्या केल्या हुत्या दवाखान्यात. दोघींना बी ताप न्हाई."

मी भाजीची पाटी बाजूला सरकवली. डोळे पुसायला पदर हाताशी लागेना. "नाव काय ठेवलंस?"

"त्येच इचारायला फोन केला. मालक म्हनलं, बाईंचं नाव ठिवूया. मी बी व्हय म्हनलं. पर मग कळलं, तुमचं नावच कुनाला म्हायीत न्हाई! मामाला न्हाई, पारूआत्याला न्हाई. समदी बाई म्हनत्यात. काय वं तुमचं नाव?"

"ज्योत्स्ना," मी म्हणाले.

"काय?"

"ज्योत्स्ना."

"ज्योस... जोस्त..." तिने दोनदा प्रयत्न केला. कुणाला तरी हाक मारून ते नाव सांगितलं. तिकडे मायाप्पा खोकल्यासारखं हसला. मग ती परत फोनवर आली, आणि कितीतरी वर्षांनी मी तिला पदर तोंडात कोंबून हसताना ऐकलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई. आमच्या खंडोबाची बानू ठेवतो. त्येच बरं हाय."